नसीमा आणि एका वाक्याचा शोध

फोन आला तेव्हा मी पिठाच्या गिरणीत उभी होते. ज्वारी चक्कीत पडली होती, पट्टा फिरत होता आणि त्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. स्क्रीनवर इरफानचं नाव दिसलं म्हणून घेतला. तो काहीतरी बोलला, त्यातला 'अम्मी' एवढाच शब्द पोचला. मी म्हटलं, "काय रे? मोठ्यानं बोल, गिरणीत आहे." तो पुन्हा बोलला. मी पुन्हा "काय?" केलं. मग बाहेर रस्त्यावर आले, दुसऱ्या कानात बोट घातलं, आणि तिसऱ्यांदा ऐकलं. "सुनंदामावशी, अम्मी गेली. सकाळी. झोपेतच..." मी त्या मुलाला ते वाक्य तीनदा म्हणायला लावलं. आता काही आठवडे उलटले, पण नसीमा गेली हे आठवायच्या आधी मला तेच आठवतं. दळण तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्यानं डबा घरी आणून दिला.

कांजूरमार्गहून घाटकोपर, तिथून मेट्रोनं मरोळ. गेली तीनेक वर्षं आठवड्यातून एकदा हा रस्ता मी केला होता, त्यामुळे पाय आपोआप चालत होते. दुपारच्या नमाजनंतर तिला नेणार होते. मी पोचले तेव्हा आंघोळ घालून झाली होती, पांढऱ्या कापडातून फक्त चेहरा दिसत होता. घरात बायका बसून पठण करत होत्या. त्यांनी मला जागा करून दिली. मला रडू आलं नाही. चेहरा बघून एवढंच वाटलं, की सुटली बिचारी डायलिसिसच्या सुयांपासून. मग पुरुष आले, तिला घेऊन खाली उतरले आणि आम्ही बायका खिडकीत उभ्या राहून बघत राहिलो.

आमची ओळख मरोळच्याच औद्योगिक वसाहतीतली. तिथं एक छापखाना होता, औषधांच्या खोक्यांत घडी घालून ठेवतात ती पत्रकं छापणारा. बारीक टाइप, पातळ कागद. आम्ही दोघी तिथं प्रुफं तपासायला होतो. एकीनं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसरीनं छापील प्रुफावर नजर ठेवून चूक धरायची. माझा आवाज मोठा म्हणून मी वाचणारी, तिची नजर पक्की म्हणून ती धरणारी. दिवसभर मी बडबडत असायची, "दिवसातून दोनदा, स्वल्पविराम, जेवणानंतर, पूर्णविराम, गरोदर स्त्रियांनी, स्वल्पविराम." स्वतःच्या घरीही मी असंच बोलते असं माझा नवरा म्हणायचा. मी लालबागच्या चाळीतली, गिरणी कामगाराची मुलगी, गाव राजापूरकडचं. ती खेडजवळच्या खाडीकाठच्या गावातली कोकणी मुसलमान, शिक्षण मराठी शाळेत, नवरा जहाजावर खलाशी. दोघींच्या डब्यात सुकट असायची आणि दोघींच्या सासवा एकमेकींना शोभतील अशा होत्या. मैत्री व्हायला एवढं पुरलं.

तिच्या नजरेचं काय सांगू. एकदा लहान मुलांच्या तापाच्या औषधाचं पत्रक होतं. मी वाचून संपवलं, सह्या झाल्या, कागद मशीनवर गेला. अर्ध्या तासानं ती जेवता जेवता उठली आणि म्हणाली, "सुनंदा, ते दशांश चिन्ह होतं की धूळ?" मी म्हटलं, होतं गं, मी वाचलं ना. ती म्हणाली, "तू वाचलंस, मी ऐकलं. बघितलं कुठे आपण?" ती तशीच खरकट्या हातानं मशीनपाशी गेली आणि छपाई थांबवायला लावली. दशांश चिन्ह उडालं होतं. दहापट डोस एखाद्या बाळाला गेला असता. फोरमननं आम्हा दोघींची पाठ थोपटली, पण तिचा चेहरा उतरलेलाच राहिला. मला तेव्हा ते समजलं नाही. आपलं काम चोख आहे म्हणून ही एवढी काळजी करते, असं मी धरून चालले. तीस वर्षं तेच धरून चालले.

छापखाना बंद पडला, आम्ही घरी बसलो. तिचा नवरा गेला. मग तिच्या किडन्या बिघडल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, चार-चार तास. डाव्या हाताची शीर त्यासाठी धमनीला जोडून घेतलेली, त्या हातानं काही उचलायचं नाही, त्यावर झोपायचं नाही. परत आली की ती पलंगावर पडून राहायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माणसात यायची नाही. इरफानची नोकरी, सूनही कामाला. म्हणून मी मंगळवारी जायला लागले. सुरुवातीला नुसती बसायची. ती बोलायची नाही, मीही नाही. वय झाल्यावर मैत्रिणीशी न बोलता बसणं जमतं, हे एक बरं असतं.

अशाच एका मंगळवारी तिनं विचारलं, "सुनंदा, इरफाननं तो जुना लॅपटॉप दिलाय, त्यावर कुराण आहे म्हणे. कुठलाही शब्द टाकला की कुठे कुठे आलाय ते दाखवतं. तुला येईल का चालवायला?" मी माझ्या नातवंडांमुळे जरा शिकलेली होते. म्हटलं, येईल की. काय शोधायचंय? ती मग म्हणाली, "एक वाक्य आहे का बघायचंय..."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की इरफानच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. नऊ दिवस जगली. सातव्या दिवशी नाव ठेवलं, सकीना. नवव्या दिवशी गेली. नवरा तेव्हा जहाजावर होता, त्याला महिन्याभरानं कळलं. नसीमा वीस-एकवीस वर्षांची. घरात बायका जमल्या होत्या, आणि नवऱ्याची आत्या, जिला सगळे फुफी म्हणतात, ती सगळ्यांसमोर म्हणाली, "आईनं काहीतरी केलेलं असतं, म्हणून मूल जातं. किताबेत लिहिलंय." कुणी तिला थांबवलं नाही. फुफी घरातली मोठी, किताबेतलं जाणणारी मानलेली. नसीमानं ते ऐकलं आणि गिळलं. वर्षभरानं ती छापखान्यात लागली. इरफानच्या पहिल्या आंघोळीला मी होते, त्याचा पहिला दात मी बघितला, आणि त्याला एक मोठी बहीण होती हे मला माहीत नव्हतं. मला राग आला, लपवणार कशाला. म्हटलं, मला एवढ्या वर्षांत सांगावंसं वाटलं नाही तुला? ती म्हणाली, "तू विचारलं असतंस, काय केलं होतंस म्हणून. नसतंस विचारलं, तरी मला वाटलं असतं की मनात विचारतेयस."

आणि मग जे म्हणाली त्यानं माझा राग जिथल्या तिथं बसला. लहानपणी गावी तिनं अरबी वाचायला शिकून पूर्ण कुराण पाठाच्या सुरात वाचलं होतं, जसं तिकडच्या सगळ्या मुली शिकतात. अक्षरं येत होती, उच्चार येत होते, अर्थ नाही. दरवर्षी रमजानात ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची. "सकीना गेल्यापासून प्रत्येक रमजानात, सुनंदा, मी वाचताना एकच बघत असायची. आत्ता जिभेवरून गेलं ते तर नाही ना ते वाक्य? या पानावर असेल? पुढच्या? मला कळणार पण नाही आणि मी ते सुरात म्हणून टाकलेलं असेल." पस्तीसहून अधिक रमजान. मी विचारलं, मग भाषांतर का नाही वाचलंस? मौलानांना का नाही विचारलंस? तर म्हणाली, मौलानांना विचारायचं म्हणजे का विचारते ते सांगावं लागतं. भाषांतर एकदा वाचलं होतं, मराठीतलं, त्यात नव्हतं. पण भाषांतर करणाऱ्यानं गाळलं असेल तर? आमच्या छापखान्यात भाषांतरातून काय काय गळायचं ते तिनं बघितलेलं. "आणि खरं सांगू का... सापडेल म्हणून भीती वाटायची. आता डायलिसिस लागलं. आता भिऊन काय करू."

मी लॅपटॉप उघडला. भाषांतराच्या खान्यात 'आई' आणि 'पाप' असे दोन शब्द टाकले, शोधलं. शून्य जागा. दोन मिनिटं लागली असतील. मी म्हटलं, "नाहीये गं. बघ, शून्य आलंय. उगाच आयुष्यभर..." मला वाटलं ती रडेल, हलकी होईल. ती उठून बसली आणि छापखान्यातल्या आवाजात विचारलं, "तू काय टाकलंस?" मी सांगितलं. "पाप टाकलंस. गुन्हा टाकलास? दोष? अपराध? आई टाकलंस, माता टाकलंस? जन्मदात्री?" ती स्क्रीनकडे वाकली. "मूळ प्रतीशी ताडलं का?" त्या दोन मिनिटांची मला आजही लाज वाटते. जे तिनं पस्तीस वर्षं वाहिलं होतं ते मी दोन शब्द टाकून उरकायला निघाले होते.

दुसऱ्या मंगळवारपासून आम्ही बसलो. त्या संकेतस्थळावर अरबी मजकुराच्या प्रत्येक शब्दाखाली अर्थ होता, आणि शब्दावर टिचकी मारली की त्याचं मूळ दिसायचं. अरबीत बहुतेक शब्द तीन अक्षरांच्या मुळापासून निघतात, हे मला तिथंच कळलं. ते मूळ ग्रंथात आणखी कुठे कुठे आलंय त्याची सगळी यादी खाली यायची. बाजूला चार-पाच भाषांतरं. हे सगळं फुकट, घरबसल्या. नसीमा म्हणाली, जुन्या काळी एका शब्दासाठी माणसं आयुष्य घालवायची म्हणे. पण लवकरच कळलं की यंत्राचा 'शून्य' म्हणजे 'नाही' नव्हे. तिनं सरावासाठी अरबीत 'किताब' टाइप केलं, आपण साधारण लिहितो तसं. हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच जागा आल्या. ती हसली, तेवढ्या दिवसांत पहिल्यांदा. "अगं, हा शब्द तर पानापानावर आहे." मग शोधून काढलं की मुसहफातली, म्हणजे कुराणाच्या प्रतीतली, लिहिण्याची पद्धत जुनी आहे, त्यात मधला 'आ' बहुतेक वेळा पूर्ण अक्षरानं लिहीत नाहीत, वर बारीकशी उभी रेघ देतात. आम्ही अक्षर टाकलं, मजकुरात रेघ होती, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटले. नसीमा माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझं शून्य असंच होतं."  

तिनं एक लांबडी वही केली. एका बाजूला पापासाठीचे सगळे शब्द. ते एक-दोन नाहीत. चुकीला एक, दोषाला एक, वाईट कृत्याला एक, ओझ्यासारख्या पापाला एक. दुसऱ्या बाजूला आईसाठीचे, मुलासाठीचे, शिक्षेसाठीचे. एकेका मुळाची यादी काढायची, प्रत्येक जागा उघडायची, ती अरबी वाचायची, मी भाषांतरं मोठ्यानं वाचायची, दोन-तीन वेगवेगळी, आणि ती कान देऊन ऐकायची, कुठे फरक पडतो ते. मी सवयीनं "स्वल्पविराम" म्हणून जायची. ती म्हणायची, "ते विराम आपले नाहीत, सुनंदा, भाषांतरवाल्याचे आहेत." एका दिवसात दहा-बारा जागा व्हायच्या. मग तिला थकवा यायचा, पाय सुजायचे, मी बंद करायची. कधी कधी दोनच जागा व्हायच्या. इरफानला वाटायचं अम्मीचा वेळ जातोय, चांगलंय. त्याला कारण माहीत नव्हतं. तिनं त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही. ती गेल्यावर मीच सांगितलं, आणि हा लेख मी त्याला विचारूनच लिहिते आहे. तो म्हणाला, लिहा मावशी, तिनं कुणाला तरी आधीच सांगायला हवं होतं.

अशा शोधात भलतंच काहीतरी हाती लागतं आणि माणूस तिथं रमतो. ओझं या अर्थाच्या 'विज्र' शब्दाचं मूळ उघडलं तर त्याच यादीत 'वजीर' निघाला. बुद्धिबळातला आपला वजीर. राजाचं ओझं उचलणारा तो वजीर. ही जोड तिला फार आवडली. चहा घेऊन आलेल्या सुनेला म्हणाली, "ये माझे वजीर." सुनेला काही कळलं नाही. पण त्याच यादीतली खरी गोष्ट वेगळी होती. एकाचं ओझं दुसऱ्यावर टाकलं जात नाही अशा अर्थाचं म्हणणं, जवळजवळ त्याच शब्दांत, एकाहून अधिक ठिकाणी आलं होतं. मी वाचलं आणि म्हटलं, झालं की नसीमा, मिळालं तुला उत्तर. तिनं त्या जागा वहीत उतरवल्या, खाली रेघ मारली आणि म्हणाली, "हे मिळालं. ते नाही हे कुठे मिळालंय अजून?" ती असंच काम करायची. चूक सापडली म्हणजे पुढचं पान तपासायचं नाही, असं नसतं.

मग एक दिवस 'मुलगा' या शब्दाच्या यादीत ती गोष्ट आली. ग्रंथात एका प्रवासाची हकिगत आहे, तिच्यात एका मुलाचा जीव घेतला जातो आणि त्याचं कारण नंतर सांगितलं जातं. मी भाषांतर वाचत होते. नसीमानं लॅपटॉपचं झाकण खाली केलं. "आज बास." पुढच्या मंगळवारी म्हणाली, डोकं दुखतंय. त्याच्या पुढच्या मंगळवारी लॅपटॉप कपाटात होता. दोन महिने आम्ही नुसत्या बसलो. मला वाटलं संपलं हे, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंही वाटलं. मलाही थकवा आला होता. माझे गुडघे, जिने, मेट्रोतलं उभं राहणं, आणि घरी गेल्यावर कानात घोळणारी ती न संपणारी यादी.

त्यांच्या खालच्या मजल्यावर एक आपा राहतात, सत्तरीच्या, मुलींना अरबी शिकवतात. नसीमा एक दिवस त्यांच्याकडे गेली. कारण सांगितलं नाही, नुसतं विचारलं, ती गोष्ट कशी वाचायची. आपांनी विचारलं, तू कुठून कुठपर्यंत वाचलीस? नसीमानं सांगितलं, मशीननं दाखवलं तेवढं. आपा म्हणाल्या, "मशीन शब्द कुठे आहे ते दाखवतं, बेटा. शब्द कुणाच्या शेजारी बसलाय ते तुलाच बघायचं. चार पानं मागं जा, चार पानं पुढं ये." मंगळवारी तिनं मला स्वतःहून लॅपटॉप काढायला लावला. आम्ही ती हकिगत पहिल्यापासून वाचली. त्या मुलाचे आईबाप चांगले, श्रद्धावान होते असंच तिथं म्हटलं होतं. आईनं काही केलं म्हणून, असं कुठेच नव्हतं. "समाधान झालं का?" मी विचारलं. ती म्हणाली, "नाही गं. चांगल्या आईबापांचं मूलसुद्धा जातं, एवढं कळलं. समाधान कसलं त्यात..." पण त्या दिवसापासून प्रत्येक जागा आधीची आणि नंतरची पानं धरून वाचायची असं ठरलं. म्हणजे काम चौपट.

एकदा मी पोचले तर ती आधीच बसली होती, चष्मा कपाळावर, डोळे लाल. तिनं एकटीनं 'सकीना' शोधलं होतं. मुलीचं नाव सासऱ्यांनी सुचवलं होतं, चांगलं वाटलं म्हणून ठेवलं, अर्थ कुणी विचारला नव्हता. मोजक्याच जागा होत्या. मनावर वरून उतरणारी शांतता, असा काहीतरी अर्थ. आपण सुकून म्हणतो ना, त्याच मुळातला. "दर रमजानात मी तिचं नाव घेत होते," ती म्हणाली. "दुसरं वाक्य शोधण्याच्या नादात माझं लक्षच नव्हतं." त्या दिवशी आम्ही पुढे काही वाचलं नाही. तिनं मला बाळाचं सांगितलं, केस किती होते, रडायचा आवाज कसा होता, उजव्या कानामागं एक डाग. एका तासात नऊ दिवस सांगून झाले.

यादी संपायला दोन वर्षांना थोडे दिवस कमी लागले. शेवटचं मूळ झालं त्या दिवशी काही विशेष घडलं नाही. बाहेर कुणाच्या तरी घरी ड्रिल मशीन चालू होतं. तिनं वहीच्या शेवटच्या पानावर, प्रुफावर लिहायची तसं, लिहिलं, "सर्व तपासले. असे वाक्य नाही." खाली सही केली आणि वही माझ्यापुढे सरकवली. प्रुफावर दोघींच्या सह्या लागायच्या ना. मी सही केली. मला वाटलं आता तरी ती रडेल. ती म्हणाली, "भूक लागली." आम्ही बिनमिठाची खिचडी खाल्ली, तिच्या पथ्याची.

फुफी अजून होती. नव्वदीच्या पुढची, जोगेश्वरीला नातवाकडे. नसीमाला तिच्याकडे जायचं होतं. मी नको म्हटलं. एवढ्या म्हाताऱ्या बाईला आता काय जाब विचारायचा, आणि तुझी तब्येत ही अशी. ती म्हणाली, जाब नाही विचारायचा, फक्त सांगायचं. डायलिसिस नसलेला दिवस बघून आम्ही रिक्षानं गेलो.  वही पिशवीत, पिशवी उजव्या हातात.

फुफी खाटेवर उशांना टेकून बसली होती. ऐकू बऱ्यापैकी येत होतं. तिची बोली खाडीकाठचीच राहिली होती, मुंबईत साठ वर्षं काढूनही. तब्येतीचं, गावच्या घराचं बोलणं झालं. मग नसीमा म्हणाली, "फुफी, सकीना गेली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, आईनं काहीतरी केलेलं असतं म्हणून मूल जातं. किताबेत लिहिलंय म्हणून. आठवतं?" म्हातारीनं डोळे किलकिले केले. मला वाटलं, विसरली असणार, आणि नसीमाची एवढी मेहनत फुकट. पण ती म्हणाली, "मना पन माझ्या सासूनं तसाच सांगितलान. माझे दोन गेले."

खोलीत आम्ही तिघीच होतो. नसीमानं हातातली पिशवी खाली ठेवली.

"दोन?" ती म्हणाली. "फुफी, कुणी कधी बोललं नाही."

"कोन बोलनार? कोनाला सांगनार?" फुफीनं पदर सारखा केला. "सासूनं सांगितलान ता मी धरून बसली. मग तुझा बाल गेला तेव्हा मना वाटला, तुला पन म्हाईत पायजे." मग म्हणाली, "मी तुला दुखवायला नाय सांगितला."

नसीमानं वही काढली. सांगताना तिचा आवाज शांत होता, डॉक्टर रिपोर्ट सांगतात तसा. कोणते शब्द बघितले, ओझ्याचं कुठे सापडलं, किती दिवस लागले, खालच्या आपांना काय विचारलं, सगळं. "असं वाक्य नाहीये, फुफी."

"तू सगला बघितलंस?"

"सगळं."

"सगला?"

"सगळं, फुफी. मागचं-पुढचं धरून. या सुनंदानं वाचलं, मी तपासलं."

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग ती म्हणाली, वाच. जिथं ओझ्याचं लिवलाय ता वाच. नसीमानं अरबीत म्हटलं, वहीत न बघता, आणि मला खूण केली. मी मराठीतून वाचलं. पुढची जागा तिनं म्हटली, मी वाचली. सगळ्या जागा झाल्या. फुफी डोळे मिटून ऐकत होती. ओठ हलत होते. झाल्यावर डोळे न उघडता तिनं हात पुढे केला आणि नसीमाचा डावा हात धरायला गेली. नसीमानं पटकन उजवा पुढे केला, डाव्याला धक्का नको म्हणून. तेवढ्या क्षणातही तिला ते सांभाळावं लागलं.

परतताना रिक्षा चकाल्याच्या सिग्नलला खोळंबली. नसीमानं डोकं मागे टेकलं होतं. म्हणाली, "एवढी वर्षं मी त्या बाईचा राग केला. आता कुणाचा करू?" मी म्हटलं, कुणाचा नको करू. "तसं होत नाही गं," ती म्हणाली. "सवय झाली होती त्याची. आता रिकामं रिकामं वाटतंय... दमले, सुनंदा." तिला मोकळं झाल्याचा आनंद झाला, असं मला इथं लिहिता आलं असतं. पण तिच्याविषयी लिहिताना मी तपासल्याशिवाय काही लिहिणार नाही. ती दमली होती. दोन वर्षांनी नाही, त्या आधीच्या सगळ्या वर्षांनी.

त्यानंतरचा रमजान तिला पूर्ण करता आला नाही, तब्येतीनं. रोजे तर सुटलेच होते. पण होईल तेवढं ती वाचायची. मी एका मंगळवारी गेले तेव्हा वाचत होती, मी दारात थांबले. आधी कधी मी तिला वाचताना ऐकलं नव्हतं असं नाही, पण त्या दिवशी ती सावकाश वाचत होती. एखाद्या शब्दापाशी थांबायची, पुन्हा म्हणायची, पुढे जायची. मला बघून म्हणाली, "बस. हे संपवते." मी बसले. तिनं संपवलं. चार महिन्यांनी ती गेली.

तिच्या जाण्यानंतर महिनाभरानं इरफाननं घरी पठण ठेवलं होतं, मला बोलावलं. खोलीत चादरी अंथरल्या होत्या, बायका ओळीनं बसून आपापल्या वाट्याचा भाग वाचत होत्या. फुफीला नातवानं खुर्चीवर बसवून जिना चढवून आणलं होतं. पठण झाल्यावर चहा फिरला, गप्पा सुरू झाल्या. नसीमाच्या नात्यातली एक तरुण मुलगी कोपऱ्यात बसली होती. पाचव्या महिन्यात तिचं पोट पडलं होतं, तीन आठवडे झाले होते. कुणीतरी हळू आवाजात ते दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं. शेजारी बसलेली एक वयस्क बाई उसासा टाकून म्हणाली, "आता काय म्हणायचं. आईचंच कुठेतरी काहीतरी..." ती मुलगी मान खाली घालून चादरीचा दोरा ओढत होती.

मी बोलायला तोंड उघडलं, पण मी त्या घरातली परकी. मी काय सांगणार, कुठल्या अधिकारानं.

"असा काय बी लिवलेला नाय," फुफी खुर्चीवरून म्हणाली. आवाज लहान होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "माझ्या नसीमानं सगला बघितलान." मग त्या मुलीकडे वळून म्हणाली, "तू इकडं ये. माझ्याजवल बस."